मूल सोडायला जागा आहे, सोबत बसायला नाही

नागपूरच्या बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या एकतीस वर्षांच्या मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, सासर शहरातल्या जुन्या महाल भागात. बाळ झाल्यावर जुन्या घरात भागेना म्हणून दीड वर्षापूर्वी दोघं इकडे राहायला आले. नवरा मिहान या औद्योगिक भागातल्या कंपनीत. दुपारी दोनला निघतो, रात्री बाराला येतो. हिची नोकरी सुटली. मुलगा बावीस महिन्यांचा. पळतो, डबे उघडतो, गॅसची बटणं फिरवतो, पण शब्द चार-पाचच: आई, बा, भू, पापा, नको. मोबाइल समोर धरल्याशिवाय जेवत नाही. सासूबाई म्हणतात, 'याचा बापही अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका होता, बोलेल.' जवळच्या प्ले स्कूलवाल्यांनी बजावलं, 'आता नाही घातलं तर मागे पडेल.' फी वर्षाला पंचेचाळीस हजार. नणंद कॅनडात, ओंटारिओत आहे. ती आपल्या बाळाला घेऊन फुकटच्या केंद्रात जाते, तिथे आया आणि मुलं सोबत खेळतात. 'आपल्या नागपुरात असं काहीच नाही,' असं ही लिहिते. घरकामाच्या मावशींची सून तिच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत नेते. तिथल्या सेविका सर्व्हेला आल्या तेव्हा हिलाही पालक सभेचं सांगून गेल्या. त्यावर नवरा म्हणाला, 'ते खिचडीवालं आहे, आपल्यासाठी थोडीच आहे.' पत्राच्या शेवटी हे आहे: 'ताई, दिवसभर मी आणि हा, दोघंच. कधी कधी दुपारी तीन वाजता मला रडू येतं आणि हा नुसता पाहत राहतो. प्ले स्कूलमध्ये घालू, नोकरी धरू, की घरीच बसू? आई म्हणून मी कमी पडून राहिली का?'

प्रिय मैत्रिणी,

आधी कान तपासून घे. बाकीचं सगळं त्यानंतर.

असं तोडून सांगते, कारण तुझ्या चार पानांत प्ले स्कूल आहे, कॅनडा आहे, सासूबाई आहेत, पण डॉक्टर कुठेच नाही. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडायला लागतं: 'पाणी दे', 'बाबा गेले', 'भू आला'. तुझ्या लेकाला अजून दोन महिने आहेत, म्हणून घाबरायचं नाही. पण बाविसाव्या महिन्यात चार-पाच शब्द हे कमीच, म्हणून 'बोलेल, बोलेल' म्हणत बसायचंही नाही. कुकरच्या शिटीला दचकतो म्हणजे कान ठीक आहेत, असं घरोघरी समजतात. तसं नसतं. शिटी ऐकू येते, दारावरची बेल ऐकू येते, आणि बोलण्यातले 'स', 'श', 'फ' असले बारीक आवाज मात्र निसटतात, असं होऊ शकतं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साठतं आणि काही महिने त्यांना सगळंच उशीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं. तुला एम्स जवळ आहे; मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयंही आहेत. कान-नाक-घसा विभागात जा आणि 'मूल उशिरा बोलतंय, ऐकण्याची तपासणी करायची आहे' एवढं सांग.

जायच्या आधी चार दिवस नुसतं निरखून बघ. पाठीमागून हाक मारल्यावर वळतो का? काही मागायचं नसतानाही 'ते बघ' म्हणून बोटाने दाखवतो का, आणि दाखवून तुझ्या तोंडाकडे बघतो का? आधी म्हणत असलेला एखादा शब्द आता म्हणेनासा झालाय का? हे शेवटचं झालं असेल तर महिना-दोन महिने थांबू नको, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे ने.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. काही घरांत मुलं उशिराच बोलतात आणि पुढे बरीचशी बरोबरीला येतात. पण घरात कुणी उशिरा बोललं होतं, ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते. तपासणी टाळायला ती कामाची नाही. त्यांनाच सोबत घेऊन जा. नवऱ्याची लहानपणची हकीकत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक?

आता प्ले स्कूलवाल्यांचं ते 'मागे पडेल'. कशाच्या मागे, हे त्यांना कुणी विचारत नाही. बोलणं शाळेत शिकवलं जातं असं आपण धरूनच चालतो. तुझ्या पत्राच्या मुळाशीही तेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मागच्या हिवाळ्यात, आंबिया बहाराची संत्री बाजारात आली होती तेव्हा, आमच्या शेजारी एक आजी दीड वर्षांच्या नातवाला घेऊन पायरीवर बसली होती. पिशवीतून एक संत्रं काढलं आणि म्हणाली, 'हे काय?' आणि थांबली. पोराने हात पुढे केला. 'संत्रं. गार आहे नं? लाव गालाला.' त्याने लावलं. साल सोलताना बारीक फवारा उडाला, पोराने डोळे मिटले आणि हसला. 'उडालं! डोळ्यात उडालं!' पुन्हा थांबली. तो म्हणाला, 'डाऽ.' 'हो, उडालं.' मग फोडी, फोडीवरचे पांढरे धागे, आणि बिया. प्रत्येक बी आजी काढायची, तो ती तिच्या तळहातावर ठेवायचा आणि दोघं मिळून 'अजून एक' म्हणायची. एक संत्रं संपायला पंचवीस मिनिटं लागली. आजी फार बोलत नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं. ती बोलून थांबत होती. त्या थांबण्यात पोराची पाळी यायची.

मोबाइल थांबत नाही. त्यातलं गाणं कितीही गोड असो, तुझ्या लेकाने 'डाऽ' म्हटलं तरी ते पुढे जातं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं की पहिल्या दोन वर्षांत स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत रोज तासाभराच्या आत. पण उद्यापासून एकदम बंद करशील तर घरात महाभारत होईल. एका जेवणापासून सुरुवात कर, आणि ते दुपारचं धर. तुझा नवरा दोनपर्यंत घरी असतो ना? तिघं खाली बसून जेवा. लेकाच्या पुढ्यात वाटी ठेवा, सांडू द्या, तुम्हीही तेच खा. पाच-सहा दिवस तो कमी जेवेल. त्याला भूक लागते, यावर जरा भरवसा ठेव. आणि वजनाची धास्ती वाटली तर महिन्याला वजन करायची सोय कुठे आहे तेही पुढे सांगते.

एक मधलं. शेजारी हिंदी, घरी मराठी आणि फोनवर इंग्रजी गाणी, म्हणून पोरगं गोंधळलं, असं तुला कुणी सांगेलच. नागपुरात पुष्कळ पोरं दोन भाषांत वाढतात. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले धर. 'पानी' म्हणाला तरी तो शब्दच आहे. मराठी सोडून त्याच्याशी तोडकं इंग्रजी बोलायला मात्र लागू नको.

आता तुझ्या नणंदेकडे येऊ. ओंटारिओत 'अर्लीऑन' नावाची केंद्रं आहेत, ती बहुधा त्यांतल्याच एखाद्यात जात असेल. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं आणि त्यांची मोठी माणसं तिथे जातात, फी नसते. त्यातली खरी गंमत तू पत्रात लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस: तिथे मूल सोडून यायचं नसतं. आई, बाप, आजी, जे कुणी आणेल त्याने तिथेच बसायचं. खेळणी आहेत, गाणी आहेत, एखादी जाणती बाई आहे, पण नकळत शिकतात ती मोठी माणसं. इंग्लंडमध्येही १९९९ पासून 'शुअर स्टार्ट' नावाने अशी केंद्रं निघाली. पुढे सरकारी पैसा आटला तशी त्यांतली पुष्कळ बंद पडली. म्हणजे तिकडेही सगळं सोन्याचं नाही.

आपल्याकडे मूल सोडायच्या जागा पुष्कळ झाल्या: प्ले स्कूल, डे केअर, छंदवर्ग. मुलासोबत बसायची जागा मात्र उरली नाही. पूर्वी ती वेगळी करावी लागत नसे. महालातल्या वाड्यात ओसरी होती. तिचं फार कौतुकही नको. त्या ओसरीवर सल्ल्यासोबत टोमणेही मिळायचे, हे ज्या तिथे सून म्हणून राहिल्या त्यांना ठाऊक आहे. पण दुपारी तीन वाजता बाई एकटी नसायची. तू फ्लॅट घेतलास, तीन खोल्या आल्या, गच्ची आली, कूलरला खिडकी आली, आणि ओसरी गेली. म्हणून लेकासाठी शाळा शोधून राहिलीस. मला विचारशील तर आधी तुझ्यासाठी सोबत शोधायला हवी.

आणि ती शोधायची सुरुवात त्या 'खिचडीवाल्या' ठिकाणापासून कर, असं मी म्हणते. नवऱ्याला राग आला तर माझं नाव सांग.

अंगणवाडी हा शब्दच आपला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. घर आणि शाळा यांच्या मधली जागा म्हणजे अंगण, आणि तिथे घरची माणसंही बघत उभी असायची. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभर हाच शब्द गेला. सहा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचं नाव अंगणवाडीत घालता येतं. पिवळं कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फ्लॅटमधल्या मुलाने गेल्यामुळे वस्तीतल्या मुलाचा घास कमी होत नाही. नाव नोंदवून आहार नको म्हटलंस तरी चालतं.

तुझ्या लेकाच्या वयाला तर ती सोडायची जागा नाहीच. रोज येऊन बसणारी मुलं तीन ते सहा वर्षांची. त्याखालच्यांसाठी काम आईबरोबरच असतं: दर महिन्याला वजन-उंची, लसीकरणाची आठवण, घरभेट, पालकांची बैठक. आपल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास विभागासोबत 'आरंभ' नावाचं प्रशिक्षण उभं केलं, ते नेमकं याच वयाचं. खेळातून, बोलण्यातून मेंदूची वाढ कशी होते, हे सेविकेने आईवडिलांना करून दाखवायचं. केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाने जन्मापासून छत्तीस महिन्यांपर्यंतचा महिन्यागणिक आराखडा काढला. सेविकाताईंना थेट विचार, 'आमच्या बाळाच्या महिन्याला काय काय खेळायचं ते दाखवता का?' त्यांना हे विचारणारी आई क्वचित भेटते. बहुतेक जणी घरी न्यायच्या आहाराची पाकिटं कधी येणार तेच विचारतात.

आणखी एक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासायला येतं. बोलणं, ऐकणं, चालणं यांत शंका वाटली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथली सेवा मोफत असते. खासगीत स्पीच थेरपीचा दर एकदा विचारून बघ, म्हणजे नवऱ्याचा आवाज जरा खाली येईल.

मी तिथलं चित्र रंगवून सांगत नाही. वाठोड्याकडच्या एका वस्तीत मी पाहिलेली अंगणवाडी म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यातला अर्धा भाग पोत्यांनी अडवलेला. छताच्या हुकाला वजनकाटा टांगलेला, त्याच्या झोळीत एक पोरगी पाय आखडून रडत होती. सेविकाबाईंच्या एका हातात मोबाइल, कारण हजेरी, वजन, आहार सगळं ॲपमध्ये भरायचं. दुसऱ्या हातात रजिस्टर, कारण ॲपवर साहेबांचा भरवसा नाही. निवडणुकीचं काम आलं की तेही त्यांनाच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीसांनी संप केला तो महिन्याहून जास्त चालला, तेव्हा कित्येक अंगणवाड्यांना कुलूप होतं. पण त्याच खोलीत, वजनाचं रडणं थांबल्यावर, त्या बाईंनी पोरीच्या पुढ्यात दोन वाट्या आणि एक चमचा ठेवला, स्वतः एक वाटी वाजवली आणि गप्प बसल्या. पोरीने दुसरी वाजवली. आई म्हणाली, 'अरे वा, घरी तर ही भांड्यांना हात लावते म्हणून मला राग येतो.' एवढंच झालं. मग बाई पुन्हा मोबाइलमध्ये.

एका गोष्टीची मात्र पारख कर: तिथे तुझ्याशी कशा बोलतात. माझी मुलगी लहान असताना एका दवाखान्यात तिचं वजन कमी भरलं, आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर तिथल्या बाईंनी विचारलं, 'काय खाऊ घालता हो हिला?' मी मान खाली घालून घरी आले आणि पुढचे तीन महिने वजनालाच गेले नाही. त्यांना माझ्या मुलीची काळजी होती, हे आज कळतं. तेव्हा फक्त शरम कळली. तुला कुठे तसा अनुभव आला तर त्या माणसाला टाळ, पण वजन आणि तपासणी सोडू नको. दुसऱ्या दिवशी जा, दुसऱ्या केंद्रात जा.

प्ले स्कूलला माझा विरोध नाही. तू नोकरीवर परत जाणार असशील तर दिवसभर सांभाळणारी चांगली जागा लागेलच, आणि नोकरी धरावीशी वाटते यात लेकाचं काही वाईट होत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. मुलाखतीत पगाराबरोबर तेही विचार. पण नुसतं 'मागे पडेल' या भीतीने पंचेचाळीस हजार भरू नको. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या सूचना मुळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि त्यांत वीस मुलांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस धरला आहे. बघायला जाशील तेव्हा रंगवलेल्या भिंती बघू नको. शी-शू कुठे आणि कोण करवतं, रडणाऱ्या पोराला कोण उचलतं, टीव्ही लावतात का, आणि पहिला आठवडा तुला आत बसू देतील का, हे विचार. आत बसू देत नसतील तर उत्तर मिळालं.

आता तुझ्या स्कीमचं. तिथे तुझ्यासारखी तू एकटीच आहेस, हे तू कशावरून धरलंस? चाळीस फ्लॅट म्हणजे तीन वर्षांखालची पाच-सात पोरं असणारच, आणि त्यांच्या आया तुझ्यासारख्याच दारं लावून बसलेल्या. पार्किंगमध्ये एक सतरंजी टाक. आठवड्यातून दोनदा, सकाळी दहा ते साडेअकरा. उन्हाळ्यात आठला, नाहीतर पोरं भाजून निघतील. नवी खेळणी आणायची नाहीत. डबे, चमचे, पाण्याचा टब, जुन्या ओढण्या. घरून आणलेलं खायचं. फोन पिशवीत. आणि 'तुमचा अजून बोलत नाही का?' हा प्रश्न विचारायचा नाही, एवढा एकच नियम आधी ठरवून घ्या. एखादे निवृत्त काका येऊन बसले तर बसू द्या. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून पोरांसोबत घरोघरी फिरणारं आपलं शहर आहे, पोरांत रमणाऱ्या माणसांची इथे वाण नाही. महिन्यातून एकदा सेविकाताईंना बोलवा, आणि मावशींच्या सुनेलाही. तिचा मुलगा तुझ्या लेकाला बोलकं करेल, असं मला का वाटतं ते विचारू नको. वस्तीतली पोरं एकमेकांशी बोलूनच मोठी होतात, एवढं मी पाहिलंय.

नवऱ्यासाठी वेगळं सांगते, हे त्याला वाचून दाखव. बाबा रे, रात्री बाराला येतोस, दमतोस, कबूल. पण सकाळ तुझी आहे. अंघोळ तू घाल. बादली, तांब्या, साबण, पाठ, पोट: अंघोळीत पन्नास शब्द आहेत, आणि तेवढ्यात तिचा चहा निवांत होईल.

राहिलं तुझं तीन वाजताचं रडू. आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं की रोज? झोप लागते का? लेकाचं करताना हात यंत्रासारखे चालतात आणि आत काहीच वाटत नाही, असं होतं का? रोज होत असेल, दोन-तीन आठवडे झाले असतील, तर सतरंजीने ते जाणार नाही, डॉक्टरांशीच बोलावं लागेल. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तीन वाजताही लावता येतो. बाळंतपणाला दोन वर्षं होत आली, आता कसलं रडू, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नको. एकटेपणाला तारीख नसते.

कमी पडून राहिली का, असं विचारलंस. चार पानं लिहिणारी आई कमी पडत नाही, ती एकटी पडलेली असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

कानाच्या तपासणीचं काय झालं ते दोन ओळींत कळव. आणि नणंदेला फोन करशील तेव्हा एक विचारून ठेव: त्या केंद्रात पहिल्या दिवशी ती किती वेळ कोपऱ्यात गप्प बसली होती, आणि तिच्याशी आधी कोण बोललं?

तुझी,
ताई